मागील आस, जुन्या मोटारगाडीचा : झीज व दुरुस्ती यांचा इतिहास

मोटारगाडीची मागील दोन चाके ज्यावर बसविलेली असतात, गाडीच्या मागील भागाचे वजन जो पेलतो आणि बहुतेक जुन्या गाड्यांत एंजिनाची शक्ती जो चाकांपर्यंत पोहोचवितो, त्या जोडभागास मागील आस म्हणतात. कारखान्यांच्या बोलीत तो ‘मागचा ॲक्सल’ या नावाने ओळखला जातो. बाहेरून तो मधोमध फुगीर असलेल्या पोलादी नळीसारखा दिसतो. या आवरणात, म्हणजे हाऊसिंगमध्ये, पिनियन व क्राउन ही दंतचक्रे, डिफरन्शियल, दोन अर्ध-आस आणि त्यांचे धारवे म्हणजे बेअरिंगे असतात. हे सर्व भाग तेलात बुडालेले व दृष्टीआड असल्यामुळे त्यांची झीज आवाज, गळती किंवा मोडतोड यांवरूनच कळून येते. जुन्या गाडीच्या बाबतीत या झिजेला दुहेरी महत्त्व आहे. एक तर तिच्यामुळे चाक निखळण्याचा किंवा ब्रेक निकामी होण्याचा धोका असतो. दुसरे म्हणजे, गाडी कोणत्या रस्त्यांवर, किती ओझ्याने आणि कशा निगराणीत चालली, याची नोंद कागदपत्रे नष्ट झाल्यावरही आसाच्या झिजेत शिल्लक राहते. म्हणून तपासणी न करता सर्वच भाग बदलणे हे इतिहासाच्या दृष्टीने नुकसानीचे, तर झीज तशीच ठेवून गाडी चालविणे हे जिवाच्या दृष्टीने घातक ठरते.

बैलगाडीचा आस व मोटारीचा आस : लोहा हे नांदेड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव नांदेड–अहमदपूर–लातूर मार्गावर, बालाघाटच्या पठारी प्रदेशात वसले आहे. लाल कंधारी व देवणी या ओढकामास उपयुक्त अशा गुरांच्या जाती याच टापूतल्या. लोहा तालुक्यातील माळेगाव येथे खंडोबाच्या यात्रेत भरणारा जनावरांचा बाजार प्रसिद्ध आहे. साहजिकच चाक, आस आणि त्यांची झीज या गोष्टी येथील शेतकरी, सुतार व लोहार यांच्या परिचयाच्या होत्या. बैलगाडीचा आस स्थिर असतो व चाक त्यावर फिरते. झीज होते ती चाकाच्या तुंब्यात आणि आसाच्या टोकांवर. तुंबा सैल झाला की चाक डुलू लागते, वंगण सुकले की ते कुरकुरते, आणि लाकूड आकसले की लोखंडी धाव ढिली होते. हे सर्व डोळ्यांना दिसते व कानांना ऐकू येते. दुरुस्तीही गावातच होऊ शकते.

मोटारीच्या मागील आसाची गोष्ट वेगळी आहे. त्यातील अर्ध-आस स्वतः फिरतात आणि चाकांना फिरवितात. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. दोन्ही चाके एकाच अखंड आसाला जखडली, तर एक चाक घसटत जाईल. ही अडचण दूर करणाऱ्या डिफरन्शियल यंत्रणेचे एकस्व ओनेसिफोर पेकर या फ्रेंच तंत्रज्ञाने १८२७ मध्ये घेतले होते. कार्ल बेंट्स यांच्या १८८६ च्या तीनचाकी मोटारीत डिफरन्शियल होते, परंतु शक्ती साखळ्यांच्या द्वारे चाकांकडे जाई. लुई रनो यांनी १८९८ मध्ये आपल्या पहिल्या गाडीत साखळी काढून टाकून फिरता दंड आणि शंकाकृती दंतचक्रे यांच्या साहाय्याने मागील आस फिरविला. पुढील दोन-तीन दशकांत हीच रचना सर्वत्र रूढ झाली. साखळीवर उडणारा चिखल व धूळ यांपासून यंत्रणा सुरक्षित झाली. पण त्याबरोबर झीजही हाऊसिंगच्या आत दडली.

नांदेड–लातूर मार्ग व मोटार : निजामाच्या हैदराबाद संस्थानात नांदेड येथे मनमाड–सिकंदराबाद हा मीटरमापी लोहमार्ग १९०० च्या सुमारास पोहोचला. लातूर येथे बार्शी लाइट रेल्वेचा अरुंदमापी मार्ग १९११ मध्ये आला. हे दोन लोहमार्ग निरनिराळ्या मापांचे होते आणि नांदेड व लातूर यांमध्ये त्यांना जोडणारा थेट मार्ग नव्हता. मधले अंतर लोहा व अहमदपूर या गावांवरून रस्त्यानेच तोडावे लागे. बैलगाडीच्या वाटेवर मोटारीला वाव मिळण्याचे हे एक कारण होय.

निजामाच्या रेल्वे खात्याने १९३२ मध्ये २७ गाड्या व १६६ कर्मचारी यांच्या बळावर संस्थानात प्रवासी मोटार वाहतूक सुरू केली. १९५१ मध्ये हा विभाग रेल्वेपासून वेगळा झाला. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात समाविष्ट झाल्यावर तेथील वाहतुकीची स्वतंत्र व्यवस्था काही काळ चालू राहिली आणि १९६१ मध्ये ती महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात विलीन झाली. खासगी मोटारींचा पुरवठा प्रामुख्याने मुंबईमार्गे होई. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे सुट्या भागांपासून गाड्या जुळविण्याचा कारखाना काढला, आणि १९३० नंतर फोर्ड कंपनीनेही मुंबईत जुळणी सुरू केली. जमिनीपासून उंच आणि साध्या रचनेच्या अमेरिकी गाड्या खडबडीत रस्त्यांना अधिक मानवत.

या प्रदेशातील काळी जमीन पावसाळ्यात फुगते व चिकट होते, उन्हाळ्यात ती भेगाळते व तिची बारीक धूळ उडते. मुरूम व खडीच्या रस्त्यांवर गाड्यांच्या चाकोऱ्या पडत. आसावर याचे तीन प्रकारचे परिणाम होतात. पहिला, चाकोरीतून चाक बाहेर काढताना अर्ध-आसावर अचानक पीळ येतो. दुसरा, बारीक धूळ नमद्याच्या तेलरोधकातून आत शिरते व तेलात मिसळून कानशीसारखी घासते. तिसरा परिणाम ओढे ओलांडताना घडतो. लांबच्या प्रवासाने तापलेले हाऊसिंग थंड पाण्यात गेले की आतील हवा आकुंचन पावते आणि पाणी आत ओढले जाते. असे तेल दुधाळ होते, त्याचे वंगणगुण कमी होतात आणि बेअरिंगांवर गंज चढतो. मन्याड व तिला मिळणारे ओढे पूल होण्यापूर्वी ज्या गाड्यांनी ओलांडले, त्यांच्या आसांत या तिसऱ्या प्रकारच्या खुणा अपेक्षित धराव्या लागतात.

आसांचे प्रकार : वजन कोणता भाग पेलतो, यावरून फिरत्या मागील आसाचे तीन प्रकार करतात. अर्ध-तरत्या प्रकारात अर्ध-आस चाक फिरवितो व गाडीचे वजनही पेलतो. तो मोडला तर चाक गाडीपासून सुटू शकते. पाऊण-तरत्या प्रकारात वजन हाऊसिंगच्या टोकावरील बेअरिंगवर येते, परंतु वळणावर चाकाला बसणारा बाजूचा ताण अर्ध-आसाकडेच राहतो. पूर्ण-तरत्या प्रकारात चाक हाऊसिंगवर दोन बेअरिंगांनी स्वतंत्र पेललेले असते आणि अर्ध-आस फक्त पीळ वाहतो. तो मोडला तरी चाक जागेवर राहते. मालमोटारी व बसगाड्या यांत पूर्ण-तरता आस प्रचारात आला, तर हलक्या मोटारींत पहिले दोन प्रकार अधिक दिसतात. जुनी गाडी हाती घेताना तिचा आस कोणत्या प्रकारचा आहे हे प्रथम ठरवावे लागते, कारण झिजेचा धोका त्यावरून ठरतो.

फोर्डच्या दोन गाड्या याची चांगली उदाहरणे आहेत. मॉडेल टी (१९०८–२७) या गाडीच्या सु. दीड कोटी प्रती निघाल्या. तिच्या डिफरन्शियलचा बाजूचा रेटा घेणारी वॉशरे बॅबिट या मऊ मिश्रधातूची होती. कालांतराने ती ठिसूळ होऊन फुटतात. मग क्राउन बाजूला सरकते व पिनियनशी तिचे दात सुटतात. या गाडीचा पायाने दाबावयाचा मुख्य ब्रेक गिअरपेटीत असल्यामुळे दात सुटताच एंजिनाचा रोध व ब्रेक हे दोन्ही एकदमच निकामी होतात. उतारावर केवळ मागील चाकांवरील हातब्रेकचा आधार उरतो. म्हणून मॉडेल टी चालविण्यापूर्वी हाऊसिंग उघडून ही वॉशरे पाहणे आणि बॅबिटची असल्यास त्यांच्या जागी कांस्याची घालणे अत्यावश्यक मानले जाते. तिच्यानंतरच्या मॉडेल ए (१९२७–३१) गाडीचा आस पाऊण-तरता आहे. तिच्या चाकाच्या बेअरिंगचे रूळ थेट हाऊसिंगच्या टोकावर फिरतात. हाऊसिंग स्वतः फिरत नसल्याने ओझे नेहमी त्याच्या खालच्या बाजूवर येते व झीजही तेथेच होते. बोट फिरविले तरी खालच्या बाजूची ही खोलगट पट्टी जाणवते. ती जितकी खोल, तितके गाडीने अधिक अंतर, अधिक ओझे किंवा कमी वंगण सोसले असे समजावे.

तपासणी : तपासणीचा क्रम बाहेरून आत असा असतो. गाडी सपाट जागी उभी करून पुढील चाकांना अडण लावतात, मागील भाग जॅकने उचलतात आणि हाऊसिंग भक्कम आधारांवर टेकवितात. केवळ जॅकवर पेललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. चाक वर-खाली व आत-बाहेर हलवून पाहिल्यास बेअरिंगचा ‘प्ले’ म्हणजे ढिलाई कळते. ब्रेकच्या पट्ट्यांवर तेल आले असेल, तर तेलरोधक निकामी झाला आहे किंवा हाऊसिंगचे हवा सोडणारे छिद्र मातीने बुजले आहे. छिद्र बुजले असता नवा तेलरोधकही टिकत नाही, म्हणून ते आधी पाहतात.

चालत्या गाडीचा आवाजही पुष्कळ सांगतो. एंजिनाचा जोर लावताच येणारा व सोडताच बदलणारा घूं असा आवाज क्राउन-पिनियनचा असतो. जोर असो वा नसो, सारखी राहणारी घरघर बेअरिंगची असते. फक्त वळणावर येणारी खडखड डिफरन्शियलच्या आतील लहान दंतचक्रांची, तर गाडी सुरू करताना बसणारा एकच ठोका हा एकूण ढिलाईचा दर्शक होय.

यानंतर तेल काढून पाहतात. तळाशी करड्या रंगाचा मऊ लेप असणे ही सामान्य झीज होय. चुंबकाला चकचकीत पापुद्रे लागले तर दातांचा कठीण पृष्ठथर सुटू लागला आहे. पिवळे कण कांस्याच्या भागांकडे, पांढरे कण बॅबिटकडे व दुधाळ रंग पाण्याकडे बोट दाखवितो. दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या गाडीत आणखी एक खूण आढळते. बेअरिंगच्या कड्यावर रुळांच्या अंतराने समान पट्ट्या गंजलेल्या असतात. ही झीज धावण्याची नसून थांबण्याची आहे. वापराने झिजलेला आस आणि पडून राहून खराब झालेला आस यांतील हा फरक गाडीचा इतिहास ठरविताना उपयोगी पडतो.

क्राउन व पिनियन यांच्या दातांतील फट डायल गेजने मोजतात. मध्यम आकाराच्या मोटारीत ती साधारणपणे ०·१५ ते ०·२५ मिमी. असावी; मात्र निर्मात्याने दिलेला आकडा हाच प्रमाण मानावा. एकाच क्राउनच्या निरनिराळ्या दातांवर हे माप बरेच बदलले, तर क्राउन वाकडी बसली आहे. दात एकमेकांवर कोठे टेकतात हे पाहण्यासाठी जुने कारागीर तेलात कालवलेला शेंदूर दातांना लावीत. शेंदूर म्हणजे शिशाचे तांबडे ऑक्साइड असल्यामुळे तो विषारी आहे. आता त्यासाठी बिनविषारी रंगद्रव्ये मिळतात. क्राउन हलका रोध देऊन फिरविली असता उमटणारा ठसा दाताच्या उंचीच्या मध्यावर व किंचित आतल्या, अरुंद टोकाकडे असावा. ठसा दाताच्या माथ्याकडे असल्यास पिनियन क्राउनकडे सरकवितात. मुळाकडे असल्यास दूर नेतात. जुन्या जोडीत मात्र दातांनी स्वतःच घासून एक ठसा तयार केलेला असतो. ती आवाज करीत नसेल, तर आदर्श ठशाच्या मागे लागून तिची जागा बदलणे अहिताचे असते. तसे केल्यास घासलेले पृष्ठभाग नव्या ठिकाणी टेकतात व आवाज सुरू होतो.

अर्ध-आसातील तडे शोधणे हा तपासणीचा सर्वांत गंभीर भाग आहे. वारंवार येणाऱ्या ताणाने धातू थकतो, हे ज्ञान मोटारीच्या आधी रेल्वेने दिले. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ एंजिनाचा आस मोडून भीषण अपघात झाला. त्यानंतर आसांच्या मोडण्याची कारणे पद्धतशीरपणे शोधली जाऊ लागली. जर्मन अभियंता आउगुस्ट व्होलर यांनी पुढे रेल्वेच्या आसांवर दीर्घ प्रयोग करून दाखविले की, एका वेळी सहज पेलेल असा ताणही लाखो वेळा उलटसुलट आला तर आस मोडतो. असा तडा बहुधा चावीच्या खाचेच्या कोपऱ्यात, व्यास बदलतो त्या पायरीवर किंवा गंजाच्या खड्ड्यात सुरू होतो. मोडलेल्या पृष्ठभागावर ओहोटीच्या वाळूवरील रेषांसारखी वलये दिसतात. ती तडा कसा पुढे सरकत गेला हे दाखवितात. अखंड दिसणाऱ्या आसातील तडा पाहण्याची जुनी रीत साधी आहे. आस रॉकेलमध्ये भिजवून कोरडा पुसतात व त्यावर खडूचा पातळ लेप देतात. तड्यात मुरलेले रॉकेल थोड्या वेळाने लेपावर रेघ उमटविते. सूक्ष्म तड्यांसाठी चुंबकीय कण वा भेदक रंग यांच्या पद्धती अधिक विश्वसनीय आहेत.

दुरुस्ती : प्रथम कमीत कमी बदलाचा उपाय करावा, हे दुरुस्तीचे सर्वमान्य तत्त्व आहे. तेलरोधक, बेअरिंगे व वॉशरे हे झिजण्यासाठीच असलेले भाग असल्याने ते बदलण्यास हरकत नसते. क्राउन व पिनियन यांची जोडी कारखान्यात एकमेकांवर घासून जुळविलेली असते, म्हणून दोन्ही बरोबरच बदलावी लागतात. पिनियनची खोली व बेअरिंगवरील पूर्वदाब पातळ पोलादी चकत्यांनी, म्हणजे शिमांनी, ठरवितात. काढताना प्रत्येक शिम कोठून निघाली याची नोंद ठेवली, तर निम्मे काम सोपे होते. शंकूसारख्या निमुळत्या टोकावर बसणारे चाक हातोड्याने ठोकून न काढता पुलरने काढतात. ठोकल्याने आसाचे आटे व आतील बेअरिंग दोन्ही बिघडतात.

हाऊसिंगचे झिजलेले टोक घासून त्यावर कठीण पोलादाची बाही बसवितात. त्यामुळे मूळ हाऊसिंग वाचते. वाकलेले हाऊसिंग केंद्रांमध्ये धरून तपासतात व दाबयंत्राने सरळ करतात. अर्ध-आसाचा बेअरिंगखालील भाग थोडा झिजला असेल, तर धातूचा फवारा किंवा कठीण क्रोमाचा मुलामा देऊन माप परत आणता येते. तडा असलेला अर्ध-आस मात्र वितळजोडाने सांधू नये. हे पोलाद उष्णतासंस्कारित मिश्रपोलाद असते. वितळजोडाच्या उष्णतेने शेजारचा भाग ठिसूळ होतो व तेथेच नवा तडा जातो. अशा वेळी निकेल-क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलादाचा नवा आस घडवून त्यावर योग्य उष्णतासंस्कार करतात आणि जुना आस गाडीच्या कागदपत्रांबरोबर जपून ठेवतात.

तेलाची निवड हाही दुरुस्तीचाच भाग आहे. पॅकार्ड कंपनीने १९२६ च्या सुमारास प्रचारात आणलेल्या हायपॉइड दंतचक्रांत दात एकमेकांवर मोठ्या दाबाखाली घसरतात, म्हणून त्यांना गंधकयुक्त उच्चदाब तेल लागते. परंतु काही जुन्या आसांत कांस्याचे भाग असतात. फोर्डच्या १९१७ च्या टीटी मालमोटारीत तर मळसूत्री दंतचक्राबरोबर फिरणारे मोठे चक्रच कांस्याचे होते. क्रियाशील गंधक असलेले तेल अशा धातूंना खाते. त्यामुळे ‘अधिक आधुनिक ते अधिक चांगले’ हा समज येथे लागू पडत नाही. साधे, घट्ट खनिज तेल या आसांना योग्य असते.

आसाचे दुसरे आयुष्य व जतन : गाडी मोडीत निघाली तरी तिचा आस बहुधा मोडीत निघत नसे. रबरी टायरच्या बैलगाड्या प्रचारात आल्यावर जुन्या मोटारी व मालमोटारींचे आस, चाके व बेअरिंगे त्यांना बसविण्याची रीत ग्रामीण भारतात सर्वत्र पसरली. लाकडी चाकाच्या गाडीपेक्षा टायरगाडी ओढण्यास हलकी असते व ओझेही अधिक नेते. अशा रीतीने बैलगाडीच्या वाटेवर आलेला मोटारीचा आस पुन्हा बैलांमागे गेला. त्यामुळे मूळ आसाच्या शोधात असलेल्या जतनकर्त्याने केवळ शहरातील जुन्या बाजारांकडे न पाहता शेतावरील टायरगाड्या व ट्रेलर यांकडेही पाहावे लागते. त्या आसाचे डिफरन्शियल बहुधा काढून टाकलेले असते, पण हाऊसिंग व तुंबे हाती लागू शकतात.

भारतात जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ५० वर्षांहून अधिक जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांची ‘व्ही ए’ या अक्षरांसह स्वतंत्र नोंदणी करण्याची तरतूद झाली. वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे आणि चासी, बॉडी किंवा एंजिन यांत मोठा फेरफार केलेला नसावा, अशी तिची अट आहे. अशी वाहने दैनंदिन किंवा व्यापारी कामासाठी वापरता येत नाहीत. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, शर्यतवजा फेऱ्या, इंधन भरणे व देखभाल एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येतात. मागील आसाच्या बाबतीत मूळपण किती राखावे, हे यामुळे बव्हंशी मालकाच्या व कारागिराच्या विवेकावरच अवलंबून राहते. काढलेल्या प्रत्येक भागाचे छायाचित्र घेणे, झिजेची मापे लिहून ठेवणे, बदललेल्या भागांवर वर्ष कोरणे आणि जुने भाग न टाकणे, एवढ्याने सुरक्षितता व इतिहास या दोहोंचे जतन होते. नांदेड–लातूरसारख्या मार्गांवरील प्रारंभीच्या मोटार वाहतुकीच्या अभ्यासाला लेखी साधनांबरोबर अशा मापांच्या नोंदींचाही आधार मिळू शकतो.